रेषेच्या वर पाणी नको

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते किराण्याच्या याद्या आणि गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा, एवढंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही सांगता येणार नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही.

वही मुळात माझी नाहीच. माझ्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची आहे. पुढच्या पानांवर त्यांची काचांची मापं आहेत, इंच आणि सुतांत. एका इंचात आठ सुतं. मी मागच्या बाजूने लिहायला घेतलंय. त्यांची पानं आणि माझी पानं एकमेकांना लागणार नाहीत एवढी कोरी जागा मधे सोडली आहे.

मालक माशांच्या काचेच्या टाक्या बनवायचे. दुकान नव्हतं. विश्रांतवाडीत आमच्या दोन खोल्या, त्यातली पुढची खोली हाच कारखाना. काच ते स्वतः कापायचे आणि चिकटवताना मी धरायचे. सिलिकॉन थोडं घट्ट होईपर्यंत धरणारा हलला की टाकी तिरकी होते. मी हलत नसे. बोलतही नसे. मला मुळात माणसांसमोर बोलायला जमत नाही. "अगं, तुझ्यासारखा क्लॅम्प बाजारात विकत मिळत नाही," असं ते म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं.

दुसरं माझं काम पुसण्याचं. चिकटवायच्या आधी काच थिनरने पुसावी लागते. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे सिलिकॉन धरत नाही आणि पुढे कधीतरी तिथूनच थेंब सुटतो. मी पुसलेली काच उजेडात धरली तर हातात काच आहे की नाही ते कळायचं नाही. या एका कामाचा मला गर्व होता. तो लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

सदाशिव पेठेत एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. बायको गेल्यावर त्यांनी मासे पाळले. त्यांच्या चार फुटी टाकीखाली सम्प करायचा होता. सम्प म्हणजे मोठ्या टाकीच्या खाली कपाटात ठेवायची दुसरी काचेची टाकी. वरचं पाणी पाइपातून तिच्यात पडतं, गाळून निघतं आणि शेवटच्या कप्प्यातली मोटर ते परत वर चढवते. कप्पे करायला आत आडव्या काचा लावतात. आम्ही त्यांना पडदे म्हणायचो. पहिला पडदा तळाला चिकटलेला, पाणी त्याच्या डोक्यावरून जातं. दुसरा तळापासून दोन बोटं उचललेला, पाणी त्याच्या पायाखालून जातं. तिसरा पुन्हा तळाला. असं वरखाली करत आलेल्या पाण्यात बुडबुडा राहत नाही.

मालकांनी सरांकडून सहा हजार आगाऊ घेतले. काच आणली, कापली, कडा घासल्या, सगळे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीला उभे करून ठेवले. दुसऱ्या दिवशी चिकटवायचं होतं. सकाळी चहा घेताना म्हणाले, डावा हात भरून आलाय. तीन दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घशातून पाणी ओढल्यासारखा आवाज यायला लागला. दुपारी तो थांबला.

सहा हजारांतले उरलेले तिथेच गेले.

दिवस घालून झाले आणि चार दिवसांनी मालकांच्या मोबाइलवर सरांचा फोन आला. मी उचलला.

"मालकांना सांगा, वाट बघून मासे म्हातारे झाले."

"ते गेले," मी म्हणाले.

"कुठे गेले?"

"वारले."

मग सर म्हणाले, "अरेरे. बाई, मला माहीत नव्हतं. मग राहू द्या ते. पैशांचंही राहू द्या."

ते चांगल्या मनाने म्हणाले. पण फोन ठेवल्यावर ते ‘राहू द्या’ माझ्या डोक्यात राहिलं. म्हणजे यापुढे सदाशिव पेठेत कुणी मालकांचा विषय काढला तर सर म्हणणार, हो, बिचारे गेले, माझं काम राहिलं, पैसेही राहिले. माणूस गेला आणि मागे एवढंच राहिलं, असं व्हायला नको होतं. मी उलटा फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला स्वतःहून फोन लावला असेन.

"मी बनवून देते," मी म्हणाले.

"तुम्ही?"

"काचा कापलेल्या आहेत."

"बघा बाई," सर म्हणाले. "माशांना पोहता येतं, मला येत नाही."

लोकांकडची सकाळच्या पोळ्यांची कामं आटपून मी पुढच्या खोलीत बसले. एकेक काच वर्तमानपत्रातून काढली आणि पुसायला घेतली. पुढच्या मोठ्या काचेवर उजव्या कोपऱ्याजवळ निळ्या मार्करची एक आडवी रेष होती, वीतभर लांब. तिच्याखाली बारीक काहीतरी लिहिलेलं. काच कापताना मालक अशा खुणा करायचे आणि कापून झाल्यावर त्या मी पुसायचे. हीसुद्धा पुसली. थिनरच्या बोळ्यावर निळा डाग उतरला. बोळा टाकून दिला. काच उजेडात धरली. हातात काहीच नसल्यासारखी दिसली.

मग चिकटवायला बसले. काचा धरायला कुणी नव्हतं, म्हणून जुन्या साडीत विटा गुंडाळून दोन्ही बाजूंनी लावल्या. माझ्या जागी विटा, आणि मालकांच्या जागी मी. सिलिकॉनला आंबट वास येतो, नाकात बसतो. ते गेल्यापासून तो खोलीतून उतरत चालला होता, आता पहिल्यासारखा भरला. मालक सिलिकॉनची लांब रेघ ओढताना श्वास रोखायचे आणि रेघ संपली की सोडायचे. मीही नकळत तसंच केलं. तिसऱ्या पडद्याची रेघ संपली तेव्हा माझ्या पाठीमागे कुणीतरी श्वास सोडलेला मला ऐकू आला. माझाच असेल. खोली लहान आहे. पण मी तेव्हा वळून पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

सम्प दोन दिवस वाळू दिला. मग पाणी भरून दोन दिवस ठेवला. एक थेंब सुटला नाही.

गोधडीत गुंडाळून रिक्षात ठेवला. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मूर्ती आहे का?"

"काच आहे."

"मग आधी सांगायचं ना. आता विसर्जनाला निघाल्यासारखं चालवतो." आणि खरंच पूर्ण रस्ताभर त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

मंगळवारी सम्प सरांच्या कपाटात बसला. पाइप जोडले, मोटर लावली. पाणी पडद्यांवरून वर-खाली जायला लागलं, शेवटच्या कप्प्यात अगदी शांत. सरांचे गुडघे वाकत नाहीत, ते खुर्चीवर बसून बघत होते.

"झकास," ते म्हणाले. "आता सांगा, पाणी किती भरायचं?"

मला माहीत नव्हतं. हे मालक ठरवायचे. मी फक्त धरायचे आणि पुसायचे. पण एवढं सगळं करून झाल्यावर मला माहीत नाही असं म्हणायला तोंड उघडेना. मी सम्पच्या काठाखाली दोन बोटं धरून दाखवली. मोटर नीट बुडलेली बरी, एवढाच विचार. मी बादलीने तेवढं भरून दिलं.

पुण्यात गुरुवारी लाइट जाते, दुरुस्तीसाठी. आमच्याकडे जाते, पेठेतही जाते. हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्या गुरुवारी कुठे जोड ओला होतोय का बघायला मी सरांकडे गेले, तर जिन्यातच पाणी ठिबकत होतं. सर बँकेत गेले होते आणि नुकतेच परत येऊन दारात उभे होते, हातात पासबुक, पायात चपला, चपलांखाली पाणी.

काय झालं ते तेव्हा समजलं. लाइट गेली, मोटर थांबली. मोटर थांबली की वर चढणारं पाणी थांबतं, पण वरून खाली यायचं ते येतच राहतं. वरच्या पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकीतलं पाणी मागे ओढलं जातं. त्या पाण्यासाठी सम्पमध्ये जागा मोकळी ठेवायची असते. मी दोन बोटं ठेवली होती. तीन-चार बादल्या पाणी कपाटातून जमिनीवर आलं आणि जमिनीतून खाली. सम्प मात्र कुठेही गळला नव्हता. काठोकाठ भरून उभा होता आणि त्यातलं पाणी जरासुद्धा हलत नव्हतं.

खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्या वर आल्या. त्यांच्या छताचं पीओपी टेबलावर कोसळलं होतं, टेबलावर कॉम्प्युटर होता.

"कुणी केलंय हे? कुणी बनवलं?"

सर म्हणाले, "अहो, यांचे मालक फार चांगलं काम करायचे. मला ते म्हणाले होते, काचेवर रेष काढून देतो, रेषेच्या वर पाणी भरायचं नाही, लाइट गेली की उपयोगी पडेल. बहुतेक काढायची राहून गेली."

मला त्या क्षणी निळा बोळा दिसला.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या मिस्टरांनी बनवलंय का हे?"

मी मान हलवली. हो म्हणाले. "ते वारले," असंही म्हणाले.

त्यांचा आवाज एकदम खाली आला. मेलेल्या माणसावर कोण ओरडणार? मला म्हणाल्या, "सॉरी हं," आणि खाली गेल्या. मी फडकं घेऊन पाणी पुसायला बसले. पुसायला मला चांगलं येतं.

जोड बघताना मापं लागतील म्हणून ही वही पिशवीत होती, ती मी बसमध्ये उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर सरांच्या काचांची मापं होती आणि खाली मालकांच्या वाकड्या अक्षरात: रेषेच्या वर पाणी नको. लाइट. आकडा नव्हता. आकडा काचेवर होता.

दवाखान्याच्या दुरुस्तीचे सोळा हजार सरांनी भरले. मी म्हणाले, मी परत देईन.

"मी मागितले का?"

"नाही."

"मग?"

"मला द्यायचेत."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला सोळा हजार लिहिलं आणि फडताळाच्या दाराला आतून चिकटवलं. पोळ्यांच्या पैशांतून महिन्याला पाचशे, कधी जमलं तर हजार, असं मी नेऊन द्यायला लागले.

पैसे देणं सोपं होतं. तिथे बसणं अवघड होतं. त्या गुरुवारनंतर सर घाबरले होते. त्यांनी सम्पमधलं पाणी इतकं कमी केलं की मोटर अधूनमधून हवा ओढायची. हवा ओढली की घशात पाणी अडकल्यासारखा आवाज यायचा. तोच आवाज. दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवसाचा. मी नोटा मोजून देत असायचे आणि कपाटातून तो यायचा. सर म्हणायचे, "आता काय करणार, रेष नाही तर अंदाजाने चालवायचं. विसरला माणूस." आणि मी गप्प. दर महिन्याला माझ्या समोर माझे मालक विसराळू ठरायचे आणि मी चहा पिऊन उठायचे.

घरीही बरं नव्हतं. पुढच्या खोलीत मालकांची स्वतःची लहान टाकी होती, चार मासे होते. पाण्याचा आवाज आला की मला वाटायचं कुठेतरी भरून वाहतंय. उठून फरशीवर हात फिरवून बघायचे. फरशी कोरडी. सिलिकॉनचा तो आंबट वासही जाईना. नळीच्या तोंडाशी मालकांनी वापरलेलं सिलिकॉन वाळून घट्ट झालं होतं, ते मी फेकलं नव्हतं. शेजारीण म्हणायची, "अगं, काही वास येत नाही इथे." मला येत होता. गुरुवारी लाइट गेली की पंखा थांबायचा आणि त्या शांततेत मला वाटायचं, आता ते विचारतील. रागावून नाही. ते रागवत नसत. नुसतं विचारतील, अगं, मी रेष काढली होती ना?

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत सर म्हणाले, "बाई, ते कपाट जरा साफ करून द्याल का? मला वाकता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही." मी नाही म्हणू शकले नाही. गुडघ्यांवर बसून कपाटात डोकं घातलं. सकाळची थंडी होती. सम्पच्या पुढच्या काचेवर बाहेरून धूळ बसली होती. ओलं फडकं फिरवलं, मग कोपऱ्यातला डाग काढायला सवयीने काचेवर तोंडाने वाफ सोडली.

रेष दिसली.

पांढऱ्या वाफेत एक आडवी रेष, वीतभर, आणि तिच्याखाली बारीक आकडा आणि एक शब्द. शाई मी पुसली होती, पण जिथे शाई होती तिथे वाफ बसत नव्हती. मी बघत असतानाच ती विरली. मी पुन्हा वाफ सोडली. पुन्हा आली. काठाखाली मोजून पाच इंच दोन सूत. शब्द होता: नको.

किती वेळ मी कपाटात डोकं घालून बसले ते आठवत नाही.

"काय झालं? मासा मेला का?" सरांनी विचारलं.

"सर, रेष आहे," मी म्हणाले.

"कुठे?"

"त्यांनी काढली होती. मी पुसली. पाणी आलं त्या दिवशीच मला कळलं होतं. मी बोलले नाही."

एवढं सलग मी कुणाशी बोलले नव्हते. सर खुर्चीवरून उठले. गुडघे वाकत नसताना ते कपाटाची फळी धरून, कण्हत कण्हत खाली बसले. मी काचेवर वाफ सोडली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. रेष विरली. म्हणाले, "परत." मी परत सोडली.

"म्हणजे इतके दिवस मी या माणसाला विसराळू म्हणतोय," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही ऐकून घेताय."

"हो."

"छान," सर म्हणाले. "शाबास आपल्या दोघांची." मग हात पुढे केला. "आता मला उठवा. आणि मार्कर त्या टेबलाच्या खणात आहे. निळाच आहे."

मी वाफ सोडून, ती विरायच्या आत, मालकांच्या रेषेवरून रेष ओढली. आकडाही गिरवला. रेष सरळ आली. पाणी तिथपर्यंत भरलं. मोटर एकदा खाकरली आणि मग नुसती घूं घूं करत चालायला लागली. घशातला आवाज बंद झाला.

घरी आल्यावर मी सगळ्या काचांवर वाफ सोडली. खिडकी, आरसा, कपाटाचं दार, त्यांची लहान टाकी. कुठेतरी बोट, कुठेतरी पंजा, काहीतरी असेल असं वाटलं. काही नव्हतं. इतकी वर्षं मी रोज पुसत आले होते.

सर म्हणाले होते की उरलेले पैसे आता देऊ नका. मी देत राहिले. मी मालकांचं नाव घेतलं ते पैशासाठी नाही, भीतीने घेतलं, पण ते नाव घेऊन मी या नुकसानीतून सुटले होते. पैसे पुरे फेडल्याशिवाय मला पुढचं करता येणार नव्हतं.

शेवटचा हप्ता द्यायला मी मुद्दाम गुरुवारी गेले. आधी खाली दवाखान्यात थांबले. पेशंट होते, मी कोपऱ्यात उभी राहिले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "हं मावशी, काय होतंय?"

"ते पाणी आलं होतं ना तुमच्याकडे. ते माझ्या मालकांमुळे नव्हतं. माझ्यामुळे आलं होतं."

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "अच्छा, ते छताचं? अहो, किती दिवस झाले त्याला. तुम्ही त्यासाठी थांबलात?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. पण मी जिना चढले तेव्हा माझ्याबरोबर कुणी चढतंय असं वाटलं नाही, ते खूप दिवसांनी.

वर पोहोचले तोच लाइट गेली. सरांनी कपाटाचं दार उघडून ठेवलं. वरचं पाणी खाली यायला लागलं. निळी रेष पाण्याखाली गेली, पाणी हळूहळू चढत राहिलं आणि काठाखाली साधारण दीड इंचावर थांबलं. एक थेंब बाहेर आला नाही. मालकांनी जागा मोजून ठेवली होती, वर थोडी जास्तीच.

मी पाचशेची नोट दिली. सरांनी ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, जशी ते प्रत्येक वेळी धरतात. फडताळ उघडलं, कॅलेंडरच्या पानावर शेवटचा आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि पान काढून माझ्या हातात दिलं.

"सोळा हजार," ते म्हणाले. "पूर्ण फिटले."